मेलचा पुढचा पत्ता

‘माझा ऑफिसचा मेल माझ्या जीमेलवर वळवून द्या’ ही मागणी मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येते. प्राध्यापक वर्षभराच्या रजेवर परदेशी जातात, लेखापालांना दोन-दोन मेलबॉक्स उघडायचा कंटाळा येतो, निवृत्त संपादकांच्या जुन्या पत्त्यावर लेख येतच राहतात. काम ऐकायला एका ओळीचे, आणि खरोखरच ते एका ओळीत होते. पण ती ओळ लिहिली की आपला सर्व्हर दुसऱ्याने लिहिलेल्या पत्राला जामीन राहतो. जामीन राहणाऱ्याने सही करण्याआधी कागद वाचावा, हे उत्तम. एकेका वापरकर्त्याचा मेल पुढे पाठवण्याची सोय कशी चालते, ती सर्व्हरवर नेमकी कुठे लावायची आणि अलीकडच्या वर्षांत ती इतक्या वेळा का बिघडते, ते क्रमाने पाहू.

दोन उत्तरे आणि एक फाइल

इंटरनेटवर एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जातो तो एसएमटीपी या नियमावलीनुसार. जॉन पोस्टेल यांनी ती ऑगस्ट 1982 मध्ये आरएफसी 821 या क्रमांकाने प्रसिद्ध केली. माणूस एका यंत्रावरून दुसरीकडे जाईल, ही शक्यता त्यांनी तेव्हाच धरली होती. अशा वेळी सर्व्हरने द्यायची दोन उत्तरे त्या नियमावलीत आहेत. 251 या आकड्याचा अर्थ: हा माणूस इथला नाही, पण पत्र मी पुढे पोहोचवतो. 551 चा अर्थ: हा माणूस इथला नाही, नवा पत्ता हा घ्या आणि तुम्हीच तिकडे पाठवा.

दुसऱ्या उत्तरात मधला कुणी उरत नाही, म्हणून ते जास्त स्वच्छ. पण त्यामुळे कुणालाही कुणाचाही नवा पत्ता सहज कळतो. त्यामुळे ते मागे पडले आणि पहिलीच पद्धत रूढ झाली. आजचे बहुतेक सर्व्हर 251 सुद्धा म्हणत नाहीत. ते नेहमीचे 250, म्हणजे ‘ठीक’, एवढेच सांगून मेल ठेवून घेतात आणि पाठवणाऱ्याला काहीही न कळवता पुढे धाडतात.

पुढे कुठे धाडायचे हे ठरवण्याचा अधिकार वापरकर्त्याच्या हाती आला तो सेंडमेलमुळे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी 1979 मध्ये ‘डिलिव्हरमेल’ हा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यातूनच सेंडमेल घडला आणि 1983 मध्ये बर्कलीच्या युनिक्सबरोबर तो बाहेर पडला. सर्व्हरवर ज्याचे खाते आहे त्याने आपल्या होम डिरेक्टरीत ‘डॉट फॉरवर्ड’ नावाची साधी मजकुराची फाइल ठेवायची आणि तिच्यात नवा पत्ता लिहायचा. संपले. सिस्टिम सांभाळणाऱ्याला विचारायची गरज नाही, सर्व्हर बंद-चालू करायची गरज नाही. मेल आला की सर्व्हर ती फाइल उघडून बघतो आणि तिच्यात लिहिलेय तसे करतो.

या फाइलची भाषा अगदी तुटपुंजी आहे, पण तिच्यात बरेच मावते. एकाहून अधिक पत्ते लिहिले तर प्रत्येकाला एकेक प्रत जाते. मूळ ठिकाणीही प्रत हवी असेल तर आपले स्थानिक नाव उलट्या तिरप्या रेघेनंतर, म्हणजे बॅकस्लॅशनंतर लिहायचे. त्याचा अर्थ ‘पुन्हा फॉरवर्डची फाइल न उघडता मेल इथेच ठेव’. उभ्या रेघेनंतर एखाद्या प्रोग्रॅमचे नाव लिहिले तर मेल त्या प्रोग्रॅमच्या हाती दिला जातो. ‘मी रजेवर आहे’ असे आपोआप उत्तर देणारा ‘व्हेकेशन’ हा प्रोग्रॅम असाच चालत असे, आणि तोही ऑलमन यांचाच.

मेल आला की प्रोग्रॅम चालवायचा, ही सोय जेवढी उपयोगी तेवढीच धोक्याची. ती फाइल दुसऱ्या कुणाला बदलता आली तर त्याला फक्त तुमची पत्रेच मिळत नाहीत; सर्व्हरवर तुमच्या नावाने हवा तो प्रोग्रॅम चालवण्याची चावीही त्याच्या हाती पडते. म्हणून मालकाखेरीज इतरांना लिहिता येईल अशा परवानग्या असलेली फाइल सेंडमेल वाचायलाच नकार देतो. हा कडक नियम सैल करणारी सेटिंगही आहे, आणि तिचे नावच ‘डोन्ट ब्लेम सेंडमेल’ असे आहे. फॉरवर्ड नीट लिहूनही चालत नाही अशी तक्रार आली की अनुभवी माणूस पत्त्याचे स्पेलिंग तपासण्याआधी फाइलच्या परवानग्या तपासतो.

ओळ लिहायची तरी कुठे?

सेंडमेलनंतर केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी 1995 मध्ये एक्झिम लिहिला. डॅनियल बर्नस्टाइन यांचा क्यूमेल साधारण त्याच काळातला. आयबीएमच्या संशोधन केंद्रात वीत्से व्हेनेमा यांनी पोस्टफिक्स तयार केला आणि तो डिसेंबर 1998 मध्ये खुला झाला. आज लहान-मध्यम संस्थांत पोस्टफिक्स आणि त्याच्या जोडीला मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट ही जोडी सर्रास दिसते, म्हणून पुढचे उदाहरण त्यांचेच घेऊ. या जोडीत फॉरवर्ड लावण्याच्या तीन जागा आहेत.

पहिली जागा सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हातातली: एलियासची यादी. डावीकडे संस्थेतला पत्ता, उजवीकडे तो मेल जिथे जायचा ते ठिकाण. सर्व्हरवर खरीखुरी खाती असतील तर ही नोंद ‘एलियासेस’ फाइलमध्ये जाते, आणि बदल केल्यावर ‘न्यूएलियासेस’ ही आज्ञा द्यावी लागते. एकाच सर्व्हरवर अनेक डोमेन नांदत असतील तर ‘व्हर्च्युअल एलियास’चा तक्ता वापरायचा आणि साध्या फाइलमध्ये असलेला तो तक्ता ‘पोस्टमॅप’ने पक्का करायचा. ही शेवटची आज्ञा द्यायची राहिली की फाइलमध्ये नवा पत्ता दिसतो आणि मेल मात्र जुन्याच ठिकाणी जात राहतो. मोठ्या संस्थेत हा तक्ता डेटाबेसमध्ये ठेवतात. मग आज्ञा द्यायची कटकट राहत नाही आणि एखाद्या वेबपानावरूनही नोंद बदलता येते.

‘अध्यक्ष’, ‘सचिव’, ‘प्रवेश’ अशा पदांच्या किंवा कामांच्या पत्त्यांसाठी हीच जागा योग्य. माणूस बदलला की एक नोंद बदलायची. इथे एक खाचखळगा आहे: व्हर्च्युअल एलियासच्या तक्त्यात फक्त बाहेरचा पत्ता लिहिला तर संस्थेच्या मेलबॉक्समध्ये काहीच उरत नाही. प्रत हवी असेल तर उजवीकडे मूळ पत्ताही पुन्हा लिहावा लागतो. पोस्टफिक्स त्या पत्त्यापाशी थांबतो. गोल फिरत बसत नाही.

दुसरी जागा डॉट फॉरवर्डची. पोस्टफिक्स ती फाइल आजही मानतो. पण ती फक्त अशा वापरकर्त्यांसाठी चालते, ज्यांचे सर्व्हरवर खाते आहे आणि होम डिरेक्टरी आहे. आजकालच्या बहुतेक मांडणीत वापरकर्ते हे डेटाबेसमधल्या ओळी असतात; त्यांना लिनक्समध्ये खातेच नसते. अशा सर्व्हरवर डॉट फॉरवर्ड लिहून ठेवले तर ते कुणी उघडतही नाही. ‘इंटरनेटवर वाचून केले, चालत नाही’ या तक्रारींचे हे एक नेहमीचे कारण.

तिसरी जागा म्हणजे सिव्ह. मेल गाळण्यासाठी खास बनवलेली ही छोटी भाषा 2001 मध्ये आरएफसी 3028 म्हणून आली आणि 2008 मध्ये आरएफसी 5228 ने तिची जागा घेतली. तिच्यात मुद्दामच चक्र फिरवण्याची किंवा बाहेरचा प्रोग्रॅम चालवण्याची सोय ठेवलेली नाही. त्यामुळे ती अनोळखी वापरकर्त्याच्या हाती निर्धास्त देता येते. सिव्हमधली ‘रीडायरेक्ट’ ही आज्ञा मेल पुढे पाठवते. नुसती ही आज्ञा दिली तर मेल इथे राहत नाही. तिला ‘कॉपी’ ही जोड दिली तरच प्रत राहते. डव्हकॉटमध्ये सिव्ह चालवणाऱ्या भागाचे नाव पिजनहोल, म्हणजे पत्रे वेगवेगळी टाकायचे खण.

वापरकर्त्याला सिव्हची भाषा यावी लागत नाही. राउंडक्यूबसारख्या वेबमेलमध्ये ‘फिल्टर्स’चे पान असते. तिथे ‘या पाठवणाऱ्याकडून आलेले तिकडे पाठव, बाकीचे इथेच ठेव’ असे निवडले की पडद्यामागे सिव्हचा मजकूर लिहिला जातो आणि मॅनेजसिव्ह या नियमावलीने, बहुधा 4190 क्रमांकाच्या पोर्टवरून, सर्व्हरवर पोहोचतो. खरा फायदा निवड करता येण्यात आहे. सगळाच मेल वळवण्याऐवजी फक्त परीक्षा विभागाचा किंवा फक्त एका प्रकल्पाचा मेल पुढे पाठवता येतो, आणि जितके कमी पुढे जाईल तितकी पुढची डोकेदुखी कमी.

थोडक्यात, पदांसाठी एलियास, खातेधारकांसाठी डॉट फॉरवर्ड, आणि बाकी सर्वांसाठी सिव्ह. तिन्ही ठिकाणी एकाच माणसाचे तीन वेगवेगळे नियम लिहून ठेवू नयेत. दोन वर्षांनी मेल कुठे गायब होतोय हे शोधताना तेच नडते.

गोल फिरणारा मेल

संस्थेचा पत्ता जीमेलकडे वळवलेला आणि जीमेल पुन्हा संस्थेकडे वळवलेले, अशी वेळ येतेच. मधल्या एखाद्या रजेत केलेली व्यवस्था माणूस विसरतो. मग एकच मेल दोन सर्व्हरांमध्ये फिरू लागतो.

यावर दोन पहारे आहेत. प्रत्येक सर्व्हर मेल हाती घेताना त्याच्या माथ्यावर ‘रिसीव्ह्ड’ अशी एक नोंद चढवतो. या नोंदी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या की मेल नाकारला जातो. ती मर्यादा सेंडमेलमध्ये मुळात 25 आणि पोस्टफिक्समध्ये 50 आहे. दुसरा पहारा जास्त हुशार. पोस्टफिक्स स्थानिक वापरकर्त्याला मेल देताना ‘डिलिव्हर्ड-टू’ अशी ओळ लिहितो. तोच मेल त्याच पत्त्यासाठी पुन्हा दारात आला आणि ती ओळ आधीपासून दिसली, की पहिल्याच फेरीत चक्र ओळखले जाते आणि मेल परत पाठवला जातो. ही युक्ती क्यूमेलमध्येही आहे. मेल ‘स्वच्छ दिसावा’ म्हणून या नोंदी पुसून टाकणारे सर्व्हर हे दोन्ही पहारे स्वतःच्या हाताने उठवतात.

पाकिटावर एक, पत्रात दुसरे

फॉरवर्ड आज का बिघडतो हे कळण्यासाठी मेलची रचना बघायला हवी. पूर्वी वाड्यातले बिऱ्हाड हलले की मागे राहिलेले शेजारी आलेल्या पाकिटावरचा पत्ता खोडत, नवा लिहीत आणि पाकीट पुन्हा पोस्टाच्या पेटीत टाकत. आतले पत्र तेच, पाठवणाऱ्याचे नाव तेच. मेल फॉरवर्ड होताना हेच घडते. एसएमटीपीतही पत्राबाहेर एक पाकीट असते: त्यावर पाठवणारा आणि घेणारा, असे दोन पत्ते. वाचणाऱ्याला स्क्रीनवर दिसणारी ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ ही नावे मात्र पत्राच्या आतली. फॉरवर्ड करणारा सर्व्हर पाकिटावरचा फक्त घेणाऱ्याचा पत्ता बदलतो. पाकिटावरचा पाठवणारा तसाच राहतो.

याचा पहिला परिणाम असा की पुढचा मेलबॉक्स भरलेला असेल किंवा बंद पडलेला असेल, तर ‘पोहोचले नाही’ ही सूचना मूळ पाठवणाऱ्याकडे जाते. त्याने संस्थेच्या पत्त्यावर लिहिलेले असते आणि उत्तरात त्याला कुणाचा तरी खासगी पत्ता दिसतो, जो त्याने कधी पाहिलेलाही नसतो. खासगी पत्ता लपवायचा म्हणून 551 टाळले, तो असा मागच्या दाराने बाहेर पडतो.

दुसरा परिणाम अधिक गंभीर. खोट्या नावाने येणाऱ्या मेलना आळा घालण्यासाठी एसपीएफ ही पद्धत आली. 2006 मध्ये प्रयोग म्हणून आणि 2014 मध्ये आरएफसी 7208 म्हणून. ‘आमच्या डोमेनचे मेल या-या यंत्रांवरूनच निघतील’ अशी यादी डोमेनचा मालक डीएनएसमध्ये जाहीर करतो. मेल घेणारा सर्व्हर पाकिटावरचा पाठवणारा बघतो आणि मेल आणून देणारे यंत्र त्या यादीत आहे का ते तपासतो. आता एका बँकेने आपल्या संस्थेच्या ग्रंथपालांना मेल पाठवला आणि आपण तो जीमेलकडे वळवला असे समजा. जीमेलला पाकिटावर बँकेचे नाव दिसते आणि पाकीट घेऊन दारात उभा असतो आपला सर्व्हर. तो बँकेच्या यादीत कसा असेल? एसपीएफची तपासणी फसते. 1982 ची प्रामाणिक सोय आणि एखाद्या भामट्याची बनावट, दोन्ही एसपीएफला सारख्याच दिसतात.

यावरचा उपाय एसआरएस नावाने ओळखला जातो. फॉरवर्ड करताना पाकिटावरचा पाठवणाराही बदलायचा आणि तिथे आपल्या डोमेनचा पत्ता लिहायचा. पण मूळ पाठवणारा हरवू नये म्हणून त्या नव्या पत्त्यातच त्याचे नाव आणि डोमेन गुंफायचे, सोबत तारखेची एक खूण आणि गुप्त किल्लीवरून काढलेली छोटी मोहोर घालायची. मेल पोहोचला नाही तर परतीची सूचना आपल्याकडे येते. आपला सर्व्हर मोहोर तपासतो, मूळ पत्ता उलगडतो आणि सूचना खऱ्या मालकाला देतो. मोहोर आणि तारीख नसती तर कुणीही असे पत्ते रचून आपल्या सर्व्हरवरून जगभर मेल सोडला असता. पोस्टफिक्समध्ये हे काम ‘पोस्टएसआरएसडी’ हा जोडप्रोग्रॅम करतो. सिव्हने फॉरवर्ड होत असेल तर पिजनहोलमध्येही पाकिटावर मूळ पाठवणारा ठेवायचा की आपल्या वापरकर्त्याचा पत्ता लिहायचा, हे सेटिंगने ठरवता येते. पत्ता बदलला तर परतीच्या सूचना वापरकर्त्याच्याच मेलबॉक्सकडे येतात, हे ध्यानात ठेवावे.

सही मोडू नका

एसआरएसने एसपीएफचा प्रश्न सुटतो, पण सगळा नाही. 2007 मध्ये आलेल्या डीकेआयएम पद्धतीत पाठवणारा सर्व्हर पत्राचा मजकूर आणि ठरावीक शीर्षओळी यांवर डिजिटल सही करतो. ही सही पाकिटावर अवलंबून नसते, म्हणून फॉरवर्ड झाल्यावरही टिकते. अट एकच: आतल्या सही केलेल्या भागाला हात लावायचा नाही.

इथेच अनेक संस्था चुकतात. विषयाच्या आधी ‘बाहेरून आलेला मेल’ असा शिक्का मारणे, तळाशी ‘हा मजकूर गोपनीय आहे’ अशी चार ओळींची सूचना जोडणे, विषाणू तपासणाऱ्या प्रोग्रॅमने जोडपत्र काढून टाकणे, यातले काहीही झाले की सही मोडते.

सही मोडल्याची किंमत डीमार्कने वाढवली. 2012 मध्ये जाहीर झालेली ही पद्धत ‘फ्रॉम’मध्ये दिसणाऱ्या डोमेनकडे बघते. त्या डोमेनशी जुळणारे एसपीएफ किंवा डीकेआयएम, दोन्हींपैकी एक तरी पास व्हायला हवे. नसेल तर मेलचे काय करायचे हे डोमेनचा मालक सांगून ठेवतो. एसआरएसनंतर पाकिटावर आपले डोमेन असते, ‘फ्रॉम’मध्ये बँकेचे. म्हणजे एसपीएफ पास झाले तरी डीमार्कच्या हिशेबात ते जुळत नाही. उरते ती फक्त डीकेआयएमची सही. एप्रिल 2014 मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी ‘जुळले नाही तर सरळ नाकारा’ असे धोरण लावले. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केले. मजकुरात फेरफार करून मेल वाटणाऱ्या चर्चासूचींची तेव्हा जगभर तारांबळ उडाली.

मधल्या सर्व्हरची साक्ष नोंदवण्यासाठी एआरसी ही पद्धत 2019 मध्ये आरएफसी 8617 म्हणून आली. ‘माझ्याकडे आला तेव्हा हा मेल तपासणीत पास झाला होता’ असे मधला सर्व्हर लिहितो आणि त्यावर स्वतःची सही करतो. मात्र ही साक्ष मानायची की नाही ते पुढच्या सर्व्हरच्या मर्जीवर. अनोळखी साक्षीदाराच्या शब्दाला जेवढे वजन, तेवढेच तिला.

फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी आवळले. जीमेलकडे दिवसाला 5000 हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही बंधनकारक झाले. थोडे पाठवणाऱ्यांनाही निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतेच. ज्या संस्थांच्या सर्व्हरला वर्षानुवर्षे कुणी हात लावला नव्हता, त्यांचे फॉरवर्ड आता अधिक सहज अडू शकतात.

दुसऱ्याचा स्पॅम, आपले नाव

समजा दररोज शंभर स्पॅम मेल आपल्या दारात येतात आणि आपण तेही इमानेइतबारे जीमेलकडे पाठवतो. जीमेलच्या दृष्टीने ते शंभर स्पॅम आपल्याच आयपी पत्त्यावरून आले. वर वापरकर्ता तिथे ‘स्पॅम आहे’ हे बटण दाबतो, म्हणजे स्वतःच्याच संस्थेविरुद्ध तक्रार नोंदवतो. आपल्या आयपीची पत घसरते आणि मग फॉरवर्ड न केलेला, संस्थेने स्वतः लिहिलेला मेलही स्पॅमच्या फोल्डरात पडू लागतो. एका माणसाच्या सोयीची किंमत अशी सगळे मोजतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी गाळणे, मग पुढे पाठवणे. आणि स्पॅम नाकारायचा तर तो दारातच, म्हणजे समोरचा सर्व्हर जोडलेला असतानाच नाकारावा. आधी ‘ठीक’ म्हणून ठेवून घेतला आणि पुढच्या सर्व्हरने नाकारल्यावर परतीची सूचना पाठवली, तर ती बहुधा अशा निरपराध माणसाकडे जाते, ज्याचा पत्ता स्पॅमवाल्याने पाकिटावर खोटाच लिहिलेला होता. संशयास्पद मेल स्थानिक मेलबॉक्समध्येच ठेवावेत. हवे तर मालकाने तिथे येऊन बघावेत.

पुढच्या सर्व्हरशी बिघडले की बोल आपल्याला लागतो, हाच प्रश्न देवनागरी पत्त्यांच्या बाबतीत वेगळ्या रूपात येतो. 2014 पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन मिळते आणि ते मराठी-कोकणीसाठीही आहे. ‘@’च्या डावीकडचे नावही देवनागरीत असेल, तर मेल वाहून नेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीची युनिकोड जोड यावी लागते. पोस्टफिक्सला ती 2015 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून येते. आपला सर्व्हर असा मेल घेईल, पण ज्याच्याकडे फॉरवर्ड लावलाय तो सर्व्हर जुना असेल तर मेल तिथून परत फिरेल, आणि पाठवणारा म्हणेल की संस्थेने देवनागरी पत्ता नाकारला. देवनागरी पत्त्यांचा मेल घेणाऱ्या संस्थांनी फॉरवर्डचे ठिकाण आधी तपासावे.

चोरांची आवडती सोय

मेल चोरणाऱ्यालाही फॉरवर्ड प्रिय आहे. पासवर्ड एकदा हाती लागला की तो मेलबॉक्समध्ये शिरतो आणि ‘बिल’, ‘बँक’, ‘देयक’ असे शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारा नियम गुपचूप लावून जातो. नंतर पासवर्ड बदलला तरी नियम तसाच राहतो. व्यवहाराची पत्रे वाचत बसायची आणि नेमक्या वेळी ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल घालून पैसे वळवायचे, ही फसवणुकीची रूढ पद्धत. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर 2020 मध्ये याच नियमांबद्दल कंपन्यांना सावध केले होते. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या कार्यालयीन मेलसेवेत बाहेर जाणारे आपोआप फॉरवर्ड मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. जीमेलमध्ये फॉरवर्ड लावायचा तर ज्या पत्त्यावर मेल जाणार तिथून होकार मिळावा लागतो. आपल्या सर्व्हरवरही ही होकाराची पायरी ठेवावी. त्याने एक अक्षर चुकल्यामुळे संस्थेचा मेल भलत्याच माणसाकडे जाणेही टळते.

गोपनीयतेचा भाग वेगळाच. भारत सरकारच्या ई-मेल धोरणात शासकीय पत्त्यावरचा मेल अधिकाऱ्याच्या खासगी, बाहेरच्या पत्त्यावर वळवायला मनाई आहे. कारण उघड आहे: मेल एकदा बाहेर गेला की त्याची प्रत कुठल्या देशातल्या यंत्रावर आहे, ती कोण वाचते आणि कधी पुसली जाते, यातले काहीच संस्थेच्या हाती राहत नाही. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, रुग्णांचे अहवाल, सभासदांचे कर्जाचे अर्ज हाताळणाऱ्या कुठल्याही शाळेने, दवाखान्याने किंवा पतसंस्थेने हा नियम सरकारी नसूनही स्वतःला लावून घ्यावा.

उलट काही ठिकाणी फॉरवर्ड हीच मुख्य व्यवस्था असते आणि ती शोभते. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती घडवणाऱ्या प्रकल्पात विकासकाला प्रकल्पाच्या डोमेनचा पत्ता मिळतो, पण मेलबॉक्स मिळत नाही. मेल कुठे जावा हे तो स्वतः प्रकल्पाच्या नोंदवहीत लिहितो आणि नोकरी, देश, मेलसेवा बदलली की फक्त ती नोंद बदलतो. लोकांनी लक्षात ठेवायचा पत्ता तोच राहतो. माजी विद्यार्थ्यांना कायमचा पत्ता देणारी विद्यापीठेही हेच करतात. फरक असा की तिथे सर्व्हर सांभाळणारे या कामासाठीच बसलेले असतात.

लावण्याआधी आणि लावल्यावर

फॉरवर्ड लावून झाला की बाहेरच्या तिसऱ्याच पत्त्यावरून चाचणीचा मेल पाठवावा. ज्या जीमेलकडे मेल वळवलाय त्याच जीमेलवरून चाचणी केली, तर मेल पोहोचूनही इनबॉक्समध्ये दिसत नाही. पाठवलेली आणि परत आलेली प्रत एकाच ओळख-क्रमांकाची असल्यामुळे जीमेल दोन्ही एकच समजते. या एका गोष्टीपायी अनेकांनी चांगला चालणारा फॉरवर्ड उखडून पुन्हा लावला आहे. पोहोचलेल्या मेलच्या शीर्षओळी उघडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कपुढे ‘पास’ आहे का ते बघावे. सर्व्हरच्या नोंदवहीत मूळ पत्ता, नवा पत्ता आणि पुढच्या सर्व्हरचे उत्तर, तिन्ही सापडायला हवेत. पुढचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवून मुळातल्या सेटिंगप्रमाणे 5 दिवस प्रयत्न करतो, म्हणून ‘गेला नाही’ असे ठरवायची घाई करू नये.

प्रत्येक फॉरवर्डला मुदत असावी. रजा संपली, पद सुटले, प्रकल्प आटोपला की नियमही संपावा. नोकरी सोडून गेलेल्याचा मेल सहकाऱ्याकडे कायम वळवत राहण्यापेक्षा ‘यापुढे या पत्त्यावर लिहा’ असे उत्तर काही महिने आपोआप जाऊ देणे चांगले. वर्षातून एकदा सगळ्या फॉरवर्डची यादी छापून विभागप्रमुखांपुढे ठेवावी. ज्याचे कारण कुणालाच सांगता येत नाही, ते काढून टाकावे.

आणि सर्वांत आधी मागणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: मेल तिकडे न्यायचाय, की फक्त एकाच ठिकाणी वाचायचाय? बहुतेकांना दुसरेच हवे असते, आणि त्यासाठी फॉरवर्ड लागतच नाही. फोनमधल्या मेलच्या अ‍ॅपमध्ये संस्थेचे खाते आयमॅपने जोडून द्यावे. दोन्ही मेलबॉक्स एकाच पडद्यावर दिसतात, मेल संस्थेच्याच सर्व्हरवर राहतो, कुणाची सही मोडत नाही, कुणाच्या वतीने जामीन राहावे लागत नाही. फॉरवर्ड लावावा तो या उपायाने भागत नाही तेव्हाच. आणि लावलाच तर स्थानिक प्रत ठेवून, स्पॅम गाळून, पाकिटावरचा पत्ता बदलून आणि मुदत लिहून.